ठरलेली वाट

कारंज्याच्या माधव आणि अंबाभवानी या दांपत्याचा मुलगा मुंज होईपर्यंत ओंकाराखेरीज एक अक्षर बोलला नाही. मुंजीत आईने भिक्षा घालताच तो वेद म्हणू लागला, आणि पाठीवर भावंडे झाल्यावर आईचा निरोप घेऊन काशीच्या वाटेला लागला, असे गुरुचरित्र सांगते. या नरहरीचा जन्म परंपरेने इ.स. १३७८च्या सुमाराचा मानतात. काशीत कृष्णसरस्वती नावाच्या वृद्ध यतीकडून संन्यास घेऊन तो नृसिंहसरस्वती झाला आणि सुमारे तीस वर्षांनी शिष्यांसह कारंज्यात परतला. तेही राहण्यासाठी नव्हे, आईवडिलांना भेटून पुढे निघण्यासाठी. या चरित्राकडे चमत्कारांची मालिका म्हणून पाहण्याची एक रीत आहे, बहमनी अमलात आचारधर्माची घडी बसवणाऱ्या यतीचे चरित्र म्हणून पाहण्याची दुसरी. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत, पण दोन्हींत एक गोष्ट नजरेआड होते. हा ग्रंथ मोठ्या प्रमाणावर चालण्याविषयी आहे: कुठून निघावे, कोणत्या क्रमाने जावे, पाऊल किती हळू टाकावे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या एका गावातून निघालेल्या या माणसाच्या नावावर मराठी मुलखाने पायी साधनेची एक पद्धत सांभाळली. वाट आधीच ठरलेली असावी, चालणाऱ्याला ती निवडावी लागू नये, आणि न निवडण्याच्या त्या मोकळेपणात मन एका जागी यावे, हे त्या पद्धतीचे मर्म आहे असे माझे म्हणणे आहे.

युरोपात याच मर्माला दगडी फरशीवर रूप मिळाले. फ्रान्समधील शार्त्र येथल्या कॅथेड्रलच्या जमिनीवर तेराव्या शतकाच्या आरंभी बसवलेला लॅबिरिंथ सुमारे १३ मीटर व्यासाचा आहे. त्यात अकरा फेरे आहेत आणि एवढ्याशा जागेत सुमारे २६० मीटरांची वाट वळणे घेत मध्यभागी पोचते. भूलभुलैयात फाटे असतात, फसवणूक असते. इथे एकच वाट आहे, चुकायला जागाच नाही. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमधून लॉरेन आर्ट्रेस यांनी या वाटेचे पुनरुज्जीवन केले, आणि आता पाश्चात्त्य जगात इस्पितळांच्या आवारातसुद्धा ध्यानासाठी अशा वाटा आखतात. जेरुसलेमची यात्रा ज्यांना शक्य नव्हती ते मध्ययुगात या वाटेवर चालून ती पुरी करत, ही कथा सोबत हमखास सांगितली जाते. तिचा पुरावा मात्र फार उशिराचा आहे. 'जेरुसलेमची वाट' हे नाव लॅबिरिंथ घडल्यानंतर काही शतकांनी नोंदलेले आढळते. आपल्याकडची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. गोव्यात सांगे तालुक्यातील पणसायमळ येथे कुशावती नदीकाठच्या जांभ्या खडकावर कोरलेले चक्रव्यूह १९९३मध्ये अभ्यासकांसमोर आले. सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेल्या पंधरा फेऱ्यांच्या चक्रव्यूहाची अलीकडे चर्चा झाली. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात अभिमन्यू अशाच आकृतीत शिरताना दाखवला आहे. पण या आकृत्यांवर कोण चालले, कशासाठी चालले, हे सांगणारा एकही शब्द त्यांच्यासोबत आलेला नाही. बोरामणीचे चक्रव्यूह सातवाहनकालीन व्यापारी मार्गाशी जोडणारे अभ्यासक आहेत, आणि ते खरे निघाले तर त्याचा ध्यानाशी संबंध लावणे हा आपला उत्साह ठरेल. तिकडे दगड भरपूर बोलका आणि विधीचा पुरावा लंगडा, तर आपल्याकडे दगड मुका आणि विधी मात्र ओवीओवीने लिहून ठेवलेला. म्हणून चक्रव्यूहाचा मराठी इतिहास लिहायचा तर माळरानावरून उठून पोथीकडे जावे लागते.

कारंज्याच्या या मुलुखाला चालण्याची शिस्त नरहरीच्या आधी हजार वर्षे माहीत होती. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट इथेच सापडला. याच शाखेच्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या लेण्यांचा मोठा हंगाम झाला. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे खोदवले. त्या काळच्या १९व्या आणि २६व्या क्रमांकाच्या चैत्यगृहांत उभे राहिले की खांबांच्या रांगेचे प्रयोजन लगेच कळते. मधला भाग बसणाऱ्यांचा, आणि खांबांमागची अरुंद पट्टी चालणाऱ्यांची. ती डाव्या बाजूने आत जाते, स्तूपाला वळसा घालते आणि उजव्या बाजूने बाहेर येते. प्रवेश केला की पुढे काय हे शिल्पकाराने ठरवून टाकले आहे. बौद्धांचे हे, मग ब्राह्मणी परंपरेचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वाशीमच्याच स्थानिक पुराणात आहे. वत्सगुल्माच्या माहात्म्यात गावाभोवती १०८ तीर्थे सांगितली आहेत. पद्मतीर्थ त्यांतले प्रमुख, आणि वासुकी नावाच्या राजाचा कोड तिथल्या पाण्याने गेला ही त्याची कथा. राजधानी गेली, राजवंश विसरला गेला, ताम्रपट जमिनीत राहिले, तरी गावाची ओळख टिकली ती तीर्थांच्या यादीच्या रूपात. अशी यादी म्हणजे चालण्याचे वेळापत्रकच. एकशे आठ ठिकाणे डोक्यात ठेवायची तर त्यांना क्रम लागतो, आणि क्रम लागला की वाट आपोआप आखली जाते.

नृसिंहसरस्वतींच्या चरित्रात ही वाट आधी अफाट मोठी आहे आणि मग टप्प्याटप्प्याने आवळत जाते. संन्यासानंतर ते बदरीकडे जातात, मेरूला उजवी घालून तीर्थे करीत गंगासागराला आणि तिथून प्रयागला येतात. हा सगळ्यांत बाहेरचा फेरा. मग कारंजा, त्र्यंबकेश्वर, गोदावरीचा काठ, वासरब्रह्मेश्वर, परळी वैजनाथ. वैजनाथला, ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात, ते शिष्यांना सांगतात की तुम्ही तीर्थयात्रा करून या, मी इथे राहतो. कोणत्या नदीच्या काठी किती गावे, कुठल्या स्नानाला किती कृच्छ्रांचे फळ, अशी लांबलचक यादी ते देतात आणि स्वतः वर्षभर गुप्त राहतात. चरित्रातले हे वळण मला कळीचे वाटते. आतापर्यंत गुरू चालत होते आणि शिष्य मागून जात होते. आता गुरू थांबले आहेत आणि वाट शब्दांत उतरली आहे. यानंतर त्यांचे मुक्काम लांबत जातात. भिलवडीजवळ औदुंबरला एक चातुर्मास, नरसोबाच्या वाडीला बारा वर्षे, आणि अखेर भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरी वीसांहून अधिक वर्षे. मेरूपासून एका संगमापर्यंत वर्तूळ आवळत आले. काळ कसा होता हे ध्यानात घेतले तर यामागचे व्यावहारिक कारणही दिसते. याच काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून, दुर्गादेवीचा म्हणून स्मरणात राहिलेला दुष्काळ दख्खनेत पडला. बहमनींची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला गेली ती याच पिढीच्या हयातीत. गृहस्थाने बायकामुले मागे ठेवून काशीला पायी जावे आणि सुखरूप परत यावे, हे बोलण्याइतके सोपे नव्हते. मोठी यात्रा लहान करण्याची गरज लोकांची होती, आणि ती कशी करावी याचे शास्त्र या संप्रदायाने पुरवले.

त्या शास्त्राचा गाभा एकेचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या अध्यायांत आहे. तिथे सायंदेव नावाच्या शिष्याला काशीयात्रा सांगितली आहे, पण थेट नव्हे, एका गोष्टीच्या पोटात. त्वष्ट्याचा मुलगा गुरूच्या घरी शिकत असतो. गुरू, गुरुपत्नी, त्यांचा मुलगा आणि मुलगी चौघेही त्याच्याकडे अशक्य वस्तू मागतात: कधी जुने न होणारे घर, विणलेली-शिवलेली नसणारी चोळी, पाण्यावर चालणाऱ्या पादुका, मुलीच्या खेळण्यासाठी हस्तिदंती घरकुल. पोरगे हवालदिल होऊन रानात निघते. तिथे एक अवधूत भेटतो आणि सांगतो, काशीला जा, यात्रा कर. इथपर्यंत ही आजीने सांगावी अशी कथा आहे. पुढे तिचा सूर बदलतो आणि पानेच्या पाने क्रम सुरू होतो. अंतर्गृहाची यात्रा, दक्षिणमानस, उत्तरमानस, पंचक्रोशी, नित्ययात्रा. कोणत्या कुंडात स्नान, मग कोणत्या लिंगाचे दर्शन, त्यानंतर कोण. वर्णन जवळपास नाही. देऊळ कसे दिसते, पाणी कसे आहे, गर्दी किती, याचा पत्ताच नाही. वाचणाऱ्या आधुनिक माणसाला हे अध्याय रुक्ष वाटतात, आणि पारायणात ते उरकले जातात हेही उघड आहे. पण रुक्षपणा हेच त्यांचे काम आहे. प्रवासवर्णन वाचणाऱ्याला देखावा दाखवते. क्रम सांगणारा मजकूर चालणाऱ्याच्या पायांना पुढची जागा देतो आणि डोक्याला मोकळे ठेवतो. अशक्य मागण्यांनी गांजलेल्या पोराला मिळालेला उपाय हाच आहे की आता तू काही ठरवू नकोस, एकामागून एक पाऊल टाक. काशीची पंचक्रोशी सुमारे ८० किलोमीटरची, पाच मुक्कामांची आणि १०८ देवस्थानांची. शार्त्रची २६० मीटरांची. माप सोडले तर दोन्ही वाटांवर माणसाच्या मनाला नेमून दिलेले काम सारखे आहे.

यावर पहिला आक्षेप ग्रंथाच्या विश्वासार्हतेचा येतो. गुरुचरित्र सरस्वती गंगाधराने लिहिले, ते नृसिंहसरस्वतींच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी. ते भक्ताने लिहिलेले चरित्र आहे आणि काशीचा सगळा तपशील स्कंदपुराणातल्या काशीखंडातून आलेला आहे. मग हा पंधराव्या शतकाचा पुरावा कसा? आक्षेप बरोबर आहे, आणि नृसिंहसरस्वती अमुक दिवशी अमुक बोलले असा दावा कोणी करत असेल तर तो त्याने गुंडाळून ठेवावा. पण प्रश्न घटनेचा नसून आचाराचा आहे. ग्रंथकार स्वतः सायंदेवाच्या वंशातला. काशीयात्रा ऐकणारा शिष्य हा त्याचा पूर्वज होता, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट तो लिहीत होता. मातृभाषा कानडी असलेल्या या माणसाने मराठीत ओव्या रचताना संस्कृत पुराणातला क्रम एवढ्या मेहनतीने उतरवून घेतला, तो ज्यांना संस्कृत येत नाही अशा ऐकणाऱ्यांसाठी. उसनेपणा हा इथे दोष ठरत नाही. काशीखंडातले नेमके काय उचलावेसे वाटले यावरून त्या श्रोत्यांना कशाची भूक होती ते कळते, आणि त्यांना काशीच्या वैभवापेक्षा काशीचा क्रम हवा होता.

वर्तूळ आणखी आवळले गेल्याची कथा एकोणपन्नासाव्या अध्यायात आहे, आणि तिच्यात कारंजा पुन्हा डोकावते. दिवाळीच्या सणाला शिष्यांना त्रिस्थळीचे स्नान हवे असते: प्रयाग, काशी, गया. गुरू म्हणतात, एवढ्या लांब कशाला, इथेच आठ तीर्थे आहेत. आणि ते सगळ्यांना घेऊन गाणगापूरभोवती फिरतात. षट्कूळ हे प्रयागासमान, भागीरथी ही काशी, रुद्रपाद म्हणजे गया, चक्रतीर्थ म्हणजे द्वारका, मन्मथतीर्थ म्हणजे गोकर्ण. शिवाय नृसिंहतीर्थ, पापविनाशी आणि कोटितीर्थ. अख्खा भारत एका गावाच्या शिवारात, एका दिवसाच्या चालीत बसवला गेला. शार्त्रबद्दल जे उशिरा सांगितले गेले, ते इथे ग्रंथाच्या मजकुरातच स्वच्छ लिहिले आहे: दूरच्या यात्रेची जागा जवळच्या ठरलेल्या फेरीने घेतली. याच प्रसंगी गुरूंची बहीण रत्नाई येते, अंगावर कोड घेऊन, आणि पापविनाशीच्या स्नानाने बरी होते. पद्मतीर्थावरच्या वासुकीची कथा वाशीम-कारंजा पट्ट्यात आधीपासून होती की नंतर जुळली, यावर मी काही बांधणार नाही. एवढे मात्र नोंदण्याजोगे आहे की कारंज्याची लेक बरी होते ती कारंज्यात नव्हे.

सगळ्यांत आतला फेरा झाडाभोवतीचा. एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांच्या निपुत्रिक गंगाबाईला गुरू संगमावरच्या अश्वत्थाला प्रदक्षिणा घालायला सांगतात, आणि प्रदक्षिणेचा विधी देतात. बोलू नये, घाई करू नये. धर्मशास्त्रात या गतीसाठी एक दाखला पूर्वीपासून आहे: दिवस भरत आलेली बाई डोक्यावर काठोकाठ भरलेला घडा घेऊन जशी चालेल, तशी प्रदक्षिणा घालावी. दाखला नीट डोळ्यांसमोर आणला तर त्यातली कारागिरी कळते. घडा डचमळू नये म्हणून मान स्थिर. पोटातल्या जिवासाठी पाऊल जपून. दोन्हींमुळे श्वास आपोआप संथ. ध्यानाची कुठलीही परिभाषा न वापरता शरीराची अशी जुळणी सांगितली आहे की मनाला भटकायला वावच राहत नाही. खेड्यातल्या कोणत्याही बाईला हा दाखला समजावून सांगावा लागला नसता. सांगणारे पुरुष होते एवढाच काय तो विनोद. योगायोग म्हणावा की आणखी काही, पण चक्रव्यूहाची आकृती थाळीवर काढून, ती धुतलेले पाणी अडलेल्या बाळंतिणीला पाजण्याचा तोडगाही भारतीय तांत्रिक परंपरेत नोंदलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही साधना कसली, हा तर सौदा. इतक्या प्रदक्षिणा घाला, मूल होईल; इतकी तीर्थे करा, कोड जाईल. गंगाबाईला मुले होतात, रत्नाई बरी होते, त्वष्ट्याच्या पोराला सिद्धी मिळतात. फळ हवे म्हणून चालणाऱ्याच्या चालण्याला ध्यान म्हणायचे का? यातला अर्धा भाग मान्य करायला हवा. फलश्रुती ही जाहिरात आहे आणि लोक बहुतांशी तिच्यासाठीच येत. पण फळाची आशा माणसाला झाडापर्यंत आणते. एकदा फेरे सुरू झाले की लाखाची संख्या, मौन आणि ती संथ चाल ही आपले काम करतात. ग्रंथकाराला केवळ सौदा सांगायचा असता तर संख्या पुरली असती, गतीची अट कशाला घातली असती? ज्या विधीत किती याबरोबर कसे हेही विचारले जाते, तिथे विधी सांगणाऱ्याला चालणाऱ्याच्या आतल्या अवस्थेची पर्वा आहे असे समजायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप रचनेचा, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. लॅबिरिंथमध्ये चालणारा मध्यभागी पोचतो, थांबतो, त्याच वाटेने परततो. प्रदक्षिणा घालणारा केंद्रापर्यंत कधीच जात नाही. केंद्र सतत उजव्या हाताला, तेवढ्याच अंतरावर. पंचक्रोशीकडून अंतर्गृहाकडे, मेरूकडून संगमाकडे असा आत येण्याचा प्रवास आहे खरा, पण शेवटचे पाऊल पडत नाही. या फरकामागे देवाविषयीची कल्पना वेगळी आहे. तिकडे भेट हे ध्येय, इकडे सान्निध्य पुरते. फरक मानूनही दोन्हींचा पाया एक राहतो: फाटे नसलेली वाट. वऱ्हाडातल्याच दुसऱ्या परंपरेशी तुलना केली की हे उठून दिसते. कारंज्यापासून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे शिष्य चक्रधर यांनी तेराव्या शतकात आपल्या महानुभाव अनुयायांना अटन सांगितले, ते नेमके उलट्या रीतीने. कुठे जायचे ते ठरवू नये, एका गावाची ओढ लागू देऊ नये, अनोळखी मुलखात झाडाखाली आयुष्य काढावे. एका पंथाने वाट पूर्ण आखून निवड काढून घेतली, दुसऱ्याने वाट पूर्ण मोडून. दोघांनाही नको होता तो मधला माणूस, जो प्रत्येक चौकात थांबून आपल्या सोयीचा रस्ता शोधतो. आणि गंमत अशी की चक्रधरांच्या पश्चात महानुभावांनीच स्थानपोथी लिहून त्यांच्या अनिर्बंध भटकंतीतले प्रत्येक ठिकाण नोंदले, नमस्कारासाठी. मोकळी वाटही शेवटी ठरलेलीच झाली.

ज्यांना काशी नाही, गाणगापूरही नाही, त्यांच्यासाठी गुरुचरित्राचा सप्ताह आहे. कोणत्या दिवशी कुठे थांबायचे हे त्यातही नेमलेले असते: नवव्या, एकविसाव्या, एकोणतिसाव्या, पस्तिसाव्या, अडतिसाव्या, त्रेचाळिसाव्या आणि त्रेपन्नाव्या अध्यायाशी. या वाटणीत अश्वत्थाची प्रदक्षिणा आणि काशीची यात्रा सहाव्या दिवशी एकत्र येतात. पाटावर बसलेल्या वाचकाचा सगळ्यांत मोठा प्रवास त्या दिवशी होतो.

कारंज्याच्या वाट्याला मात्र असा क्रम आलाच नाही. जन्मस्थान असूनही ग्रंथात त्याला अष्टतीर्थे नाहीत, फेरी नाही, एखाद्या झाडाची प्रदक्षिणा नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर शेजारी यात्रेकरूंनी गजबजत राहिले, लाड-कारंजे हे श्रीमंत पेठेचे आणि जैन भट्टारकांच्या गाद्यांचे गाव म्हणून नावाजले, इतके श्रीमंत की १६७०मध्ये शिवाजी महाराजांनी ते लुटले. पण दत्तभक्तांच्या पायी वाटेवर ते नव्हते. पोथीतले कारंजे ते हेच, अशी खात्री करून देण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या आरंभी वासुदेवानंद सरस्वतींना दिले जाते, आणि १९३४मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींनी इथे पादुकांची स्थापना केली. म्हणजे जवळजवळ पाच शतके गुरूची जन्मभूमी भक्तांच्या नकाशावर नव्हती आणि संप्रदायाचे काही अडले नाही. पावित्र्य मातीत असते तर हे घडले नसते. ते क्रमात होते, आणि क्रम गाणगापूरला, वाडीला, औदुंबरला होता. आता कारंज्याला दर्शनाला येणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे माहूर, मग वाडी, मग गाणगापूर असा बेत आखून येतात. पोथीने न दिलेला फेरा त्यांनी गेल्या नव्वद वर्षांत स्वतःच लावून घेतला आहे.